नानकचंद रत्तू : बाबासाहेबांच्या वस्तू जपणारे आणि समाजाच्या हाती सोपवणारे

नागपूर शहराबाहेर चिचोली येथे शांतिवन आहे. बाबासाहेबांच्या वापरातील टाइपरायटर, कोट, हॅट आणि इतर कितीतरी वस्तू तिथे आहेत. आपल्या भागातून दीक्षाभूमीला जाणारे अनेक उपासक-उपासिका वेळ काढून चिचोलीलाही जातात, टाइपरायटरसमोर हात जोडतात, फोटो काढतात आणि परततात. या वस्तू दिल्लीहून विदर्भात कशा आल्या, हे मात्र फार थोड्यांना सांगता येते. त्या नागपूरला आल्या त्या एका पंजाबी माणसामुळे. त्यांचे नाव नानकचंद रत्तू. बाबासाहेबांच्या अखेरच्या वर्षांचा इतिहास त्यांच्या नावाशिवाय लिहिता येत नाही, तरी आपल्या जयंतीच्या फलकांवर ते क्वचितच दिसते.

रत्तूंविषयी आज लिहिण्याला कारण आहे. माजरी, भद्रावती, वरोरा या पट्ट्यातील तरुणांमध्ये महापुरुषांशी संबंधित जुन्या वस्तू गोळा करण्याची आवड वाढली आहे. कुणाकडे १९६६ सालचे बाबासाहेबांचे पहिले टपाल तिकीट आहे, कुणाकडे जन्मशताब्दीचे १९९० चे एक रुपयाचे नाणे आहे, कुणी जुने अंक आणि पत्रके जमवतो. ही आवड चांगली आहे. पण तिच्याबरोबर खरेदी-विक्रीही येते, खोट्या वस्तू येतात आणि माझ्याकडे आहे, तुझ्याकडे नाही, अशी चढाओढही येते. अशा वेळी ज्यांनी हे काम सर्वांआधी आणि कोणत्याही मोबदल्याविना केले, त्यांचे आयुष्य समजून घेणे आम्हाला गरजेचे वाटते.

होशियारपूरचा मुलगा

नानकचंद रत्तू यांचा जन्म ६ फेब्रुवारी १९२२ रोजी पंजाबच्या होशियारपूर जिल्ह्यातील सकरुली या गावी झाला. याच जिल्ह्यातील मुगोवालचे मंगूराम यांनी १९२६ मध्ये आद धर्म चळवळ उभी केली होती. १९३१ च्या जनगणनेत पंजाबातील लाखो अस्पृश्यांनी आपला धर्म आद धर्म असा नोंदवला. महाराष्ट्रात महाड आणि नाशिकचे सत्याग्रह होत होते, त्याच काळात पंजाबातही माणसे आपली ओळख स्वतः ठरवू लागली होती. रत्तू या वातावरणात वाढले. आंबेडकरी चळवळ म्हणजे फक्त महाराष्ट्राची चळवळ, असा समज असणाऱ्या आपल्या तरुणांनी हे ध्यानात ठेवावे.

शालेय शिक्षण झाल्यावर नोकरीच्या शोधात ते दिल्लीला आले. १९४० च्या सुमारास ते बाबासाहेबांच्या संपर्कात आले आणि ६ डिसेंबर १९५६ पर्यंत हा धागा तुटला नाही. या काळात बाबासाहेबांचे दिल्लीतील पत्ते बदलत गेले. व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना ते पृथ्वीराज रोडवर राहिले, कायदेमंत्री असताना हार्डिंग अव्हेन्यूवर. १९५१ मध्ये हिंदू कोड बिलाच्या प्रश्नावर मंत्रिपद सोडल्यावर ते २६, अलीपूर रोड या घरात राहायला गेले. पद गेले की भोवतीची गर्दी कमी होते, तशी ती इथेही झाली. रत्तू मात्र येत राहिले.

त्यांची स्वतःची सरकारी नोकरी होती. दिवसभर कार्यालयात काम करायचे आणि संध्याकाळी सायकल काढून अलीपूर रोडला यायचे, असा त्यांचा क्रम होता. पत्रे टाइप करायची, हस्तलिखितांच्या स्वच्छ प्रती काढायच्या, कपाटातून हवी ती पुस्तके काढून टेबलावर ठेवायची, रात्री पाय चेपून द्यायचे, डोक्याला तेल लावायचे, अशी त्यांची कामे. त्याच हातांनी टाइप केलेले पुढे आपला धम्मग्रंथ झाले.

एका ग्रंथामागची बोटे

भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म हा ग्रंथ आज आपल्या घराघरांत आहे. वर्षावासात त्याचे वाचन होते. बाबासाहेबांनी हा ग्रंथ इंग्रजीत लिहिला, तोही मधुमेह आणि सांधेदुखीने शरीर थकलेले असताना, नजर मंदावलेली असताना. मजकूर लिहून झाला की तो टाइप व्हायचा, त्यावर दुरुस्त्या व्हायच्या आणि सगळे पुन्हा टाइप करावे लागायचे. त्या काळी संगणक नव्हता. एका पानात चार ओळी वाढल्या तर ते पान पहिल्यापासून बडवावे लागे.

हे काम रत्तू आणि त्यांच्याच जिल्ह्यातील प्रकाशचंद या दोघांनी केले. ग्रंथाच्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी दोघांचे आभार त्यांच्या गावांच्या नावांसह मानले आहेत. संपूर्ण हस्तलिखित अनेकदा टाइप केल्याचे आणि रत्तूंनी प्रकृतीची पर्वा न करता, मोबदला न घेता हे केल्याचे त्यांनी नोंदवून ठेवले आहे. बाबासाहेब उगाच कुणाची स्तुती करणारे नव्हते. त्यांनी सकरुली गावाचे नाव ग्रंथाच्या प्रस्तावनेत लिहिले, यापेक्षा मोठे प्रमाणपत्र रत्तूंना कुणाकडून मिळणार होते?

पण १९५७ मध्ये ग्रंथ छापून आला तेव्हा ही प्रस्तावना त्यात नव्हती. पुढे १९८० मध्ये भगवान दास यांनी ती प्रसिद्ध केली. म्हणजे वीस वर्षांहून अधिक काळ वाचकांना या दोन टंकलेखकांचे श्रम ठाऊकच नव्हते. कुणीतरी ते कागद जपले म्हणून आज आपण हे सांगू शकतो. कागद गेला असता तर बाबासाहेबांनी मानलेले आभारही गेले असते.

त्याच काळातील आणखी एक कागद पाहा. १९५६ च्या सप्टेंबरात बाबासाहेबांनी पंतप्रधान नेहरूंना पत्र लिहिले. ग्रंथाच्या छपाईचा खर्च सुमारे २० हजार रुपये होता, तो त्यांच्या आवाक्याबाहेर होता. बुद्ध जयंतीच्या २५०० व्या वर्षानिमित्त सरकारने ५०० प्रती घ्याव्यात, अशी त्यांची विनंती होती. ती मान्य झाली नाही. देशाची राज्यघटना घडवणाऱ्या माणसाला स्वतःचा शेवटचा ग्रंथ छापायला पैसे नव्हते, हे आज आपण ठामपणे म्हणू शकतो, कारण ते पत्र उपलब्ध आहे. भाषणात सांगितलेली गोष्ट कुणी खोटी म्हणू शकतो. पत्र समोर ठेवले की वाद संपतो.

नागपूर आणि त्यानंतर

११ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेब माईसाहेबांसह विमानाने नागपूरला आले. सोबत रत्तूही होते. सीताबर्डीवरील श्याम हॉटेलात त्यांचा मुक्काम होता. या सोहळ्याची जबाबदारी भारतीय बौद्ध जन समितीच्या नागपूर शाखेने उचलली होती आणि तिचे सचिव होते रेल्वेत नोकरी करणारे वामनराव गोडबोले. १४ ऑक्टोबरला महास्थवीर चंद्रमणी यांच्याकडून बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली आणि मग लाखो अनुयायांना स्वतः दीक्षा दिली. १६ ऑक्टोबरला ते आपल्या चंद्रपूरला आले. बॅरिस्टर राजाभाऊ खोब्रागडे यांच्या पुढाकाराने तिथे दुसरा दीक्षा सोहळा झाला. माजरी परिसरातील अनेक घरांचा धम्माशी संबंध सुरू होतो तो या दोन दिवसांपैकी एकापासून.

रत्तू आणि गोडबोले, दोघेही नोकरदार होते. एक दिल्लीत, एक नागपुरात. दोघांनीही पगाराच्या नोकरीबाहेरचा वेळ चळवळीला दिला. या दोघांची ओळख पुढे आपल्या इतिहासासाठी किती मोलाची ठरणार आहे, हे त्या वेळी कुणालाही सांगता आले नसते.

५ डिसेंबर १९५६ ची रात्र रत्तूंच्या आयुष्यातील सर्वांत जड रात्र. त्या संध्याकाळी जैन समाजाचे काही प्रतिनिधी बाबासाहेबांना भेटून गेले होते. रत्तूंनी पाय चेपले, डोक्याला तेल लावले. बाबासाहेब बुद्धवंदना गुणगुणत होते. नंतर कबीराचे एक पद म्हणत ते आपल्या खोलीकडे गेले. उशीर झाल्याने रत्तू सायकल घेऊन घरी निघाले. ते फाटकापर्यंत पोहोचतात तोच सुदामा त्यांना परत बोलवायला धावत आला. बाबासाहेबांना धम्मग्रंथाची प्रस्तावना आणि परिचय, तसेच आचार्य अत्रे आणि एस. एम. जोशी यांना लिहिलेली पत्रे रात्री पुन्हा नजरेखालून घालायची होती. रत्तूंनी कागद टेबलावर ठेवले आणि ते गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना बोलावणे आले, तेव्हा सगळे संपले होते. देशभरात बातमी पोहोचवण्यासाठी फोन फिरवण्याचे काम त्यांच्यावर पडले. तेव्हा ते ३४ वर्षांचे होते. आपल्यापैकी अनेकांचे आज तेच वय आहे.

अंगणात भिजलेले कागद

महापरिनिर्वाणानंतर बाबासाहेबांच्या कागदपत्रांचे काय झाले, हा इतिहास वाचताना मन विषण्ण होते. वारसाहक्काचे प्रश्न न्यायालयात गेले, कागदपत्रे सरकारी ताब्यात अडकली. अलीपूर रोडचे घर दुसऱ्याच्या मालकीचे होते, ते विकले गेले. जानेवारी १९६७ मध्ये माईसाहेब बाहेरगावी असताना त्यांच्या ताब्यातील खोल्या रिकाम्या करण्यात आल्या, कागद अंगणात टाकले गेले आणि पावसात भिजून त्यातील कितीतरी नष्ट झाले. त्या ढिगात काय होते, हे आता कधीच कळणार नाही. ज्यांनी आयुष्यभर पुस्तकांसाठी पोटाला चिमटा घेतला, ज्यांनी दादरला राजगृह बांधताना ग्रंथालयाचा विचार आधी केला, त्यांच्या कागदांची ही गत झाली.

जे वाचले, त्यातून काय उभे राहिले तेही पाहू. महाराष्ट्र शासनाने १९७६ मध्ये बाबासाहेबांचे साहित्य प्रसिद्ध करण्यासाठी समिती नेमली. नागपूरचे वसंत मून यांनी संपादनाचे काम हाती घेतले आणि १९७९ मध्ये पहिला खंड निघाला. अप्रकाशित हस्तलिखिते मिळवून, जुळवून, प्रती ताडून पाहून ते खंड झाले. १९८७ मध्ये चौथा खंड आला, त्यातील रिडल्सवरून महाराष्ट्रात वादळ उठले आणि आपला समाज लाखोंच्या संख्येने मुंबईत रस्त्यावर उतरला. ज्या मजकुरासाठी ही लढाई झाली, तो बाबासाहेब हयात असताना छापलाच गेला नव्हता. तो टाइप केलेल्या पानांच्या रूपात शिल्लक होता. पाने टिकली म्हणून लढता आले.

वस्तू कुणाची?

बाबासाहेबांच्या वापरातील अनेक वस्तू रत्तूंनी जपून ठेवल्या होत्या. सरकारी नोकराच्या घरात जागा ती किती असणार? त्यात कोट, हॅट, टाइपरायटर सांभाळणे सोपे नसते. या वस्तूंना बाजारात किंमत नव्हती असेही नाही. महापुरुषांच्या वस्तूंचा जगभर लिलाव होतो. २००९ मध्ये न्यूयॉर्कला महात्मा गांधींचा चष्मा, चपला, घड्याळ, वाटी आणि ताट १८ लाख डॉलरना विकले गेले. एका भारतीय उद्योगपतीने ते घेतले. २०२० मध्ये इंग्लंडमधील ब्रिस्टल येथे गांधींचाच एक चष्मा २ लाख ६० हजार पौंडांना गेला. तो चष्मा लिलावगृहाच्या पत्रपेटीत एका साध्या पाकिटात कुणीतरी टाकून गेले होते.

रत्तूंनी आपल्याकडील ठेवा लिलावात नेला नाही. त्यांनी तो नागपूरच्या वामनराव गोडबोले यांच्या हाती सोपवला आणि तो चिचोलीच्या शांतिवनात आला. ते पंजाबचे होते, राहायला दिल्लीत होते. तरी जिथे धम्मदीक्षा झाली त्या भूमीजवळ, जिथले लोक या वस्तूंना आपले मानतील तिथे त्यांनी त्या पाठवल्या. आमच्या मते रत्तूंच्या आयुष्यातील ही सर्वांत मोठी गोष्ट आहे. वस्तू जपणारे पुष्कळ असतात. ती आपल्या हयातीत समाजाला देऊन टाकणारे थोडे असतात.

एक अवघड गोष्टही सांगायला हवी. बाबासाहेबांच्या वस्तूंचा दुसरा मोठा संग्रह पुण्यात सिंबायोसिसच्या संग्रहालयात आहे. १९९६ मध्ये सुरू झालेल्या या संग्रहालयाला वस्तू दिल्या त्या माईसाहेबांनी. भारतरत्न सन्मान आणि बाबासाहेबांचे व्हायोलिन तिथे आहे. रत्तू आणि माईसाहेब यांचे पटले नाही. माईसाहेबांचे आत्मकथन १९९० मध्ये आले. रत्तूंची आठवणींची दोन इंग्रजी पुस्तके १९९५ आणि १९९७ मध्ये आली. अखेरच्या वर्षांबद्दल दोघांचे म्हणणे वेगळे आहे, काही ठिकाणी परस्परविरोधी आहे. आपल्या समाजात यावरून बरेच कटू बोलले गेले. कुणी एकाची बाजू घेऊन दुसऱ्याला खलनायक केले.

आम्हाला वाटते, नव्या पिढीने या भांडणात उतरण्याऐवजी दोन्ही पुस्तके शेजारी ठेवून वाचावीत आणि दोन्ही संग्रह पाहावेत. प्रेम करणारी दोन माणसे एकच काळ दोन तऱ्हांनी आठवतात, हे समाजशास्त्र शिकलेल्या कुणालाही नवे नाही. भांडण असूनही दोघांनी एक गोष्ट सारखीच केली. दोघांनीही आपल्याकडील ठेवा घरात न ठेवता लोकांसाठी खुला केला. रत्तू १५ सप्टेंबर २००२ रोजी गेले, माईसाहेब २९ मे २००३ रोजी. अवघ्या आठ-नऊ महिन्यांच्या अंतराने त्या घराचे दोन साक्षीदार गेले. अलीपूर रोडच्या त्या जागी २०१८ मध्ये राष्ट्रीय स्मारक झाले, ते पाहायला दोघेही नव्हते.

देऊन झाले, पुढे काय?

वस्तू समाजाला मिळाली की काम संपत नाही. लोकरीच्या कोटाला कसर लागते, कापड विरते, कागद पिवळा पडून तुकडे होतात, लोखंडाला गंज चढतो. चिचोलीतील कपड्यांची अवस्था बिघडल्याच्या बातम्या मध्यंतरी आल्या होत्या. त्यानंतर त्यांच्यावर शास्त्रीय प्रक्रिया करण्याचे काम झाले. श्रद्धेने हात जोडल्याने कापड टिकत नाही. त्यासाठी प्रशिक्षित माणसे, योग्य तापमान, काचेची कपाटे आणि दरवर्षीचा निधी लागतो. याचा पाठपुरावा करणे हेही आंबेडकरी कार्यकर्त्याचेच काम आहे. पुतळ्यासाठी आपण मोर्चा काढतो, तेवढ्याच जोराने संग्रहालयाच्या निधीसाठीही विचारणा करायला हवी.

कायदाही माहीत असावा. पुरावशेष व कलानिधी अधिनियम, १९७२ नुसार साधारणपणे १०० वर्षे जुनी वस्तू पुरावशेष ठरते. ऐतिहासिक महत्त्वाच्या हस्तलिखितांसाठी आणि दस्तऐवजांसाठी ही मर्यादा ७५ वर्षे आहे. खासगी व्यक्तीला असे पुरावशेष देशाबाहेर नेता येत नाहीत. १९५६ चे कागद या मर्यादेत २०३१ मध्ये येतील, कोट आणि टोप्या त्याच्याही पुष्कळ नंतर. तोपर्यंत त्यांची राखण कायदा करणार नाही, आपल्यालाच करावी लागेल.

माजरीच्या पेट्यांमध्ये काय आहे

आता आपल्या गावाकडे येऊ. माजरी म्हणजे कोळसा खाण आणि रेल्वे जंक्शन. चंद्रपूरकडे जाणारी गाडी इथूनच जाते. वणीकडचा फाटा इथूनच फुटतो. वेकोलिच्या खाणींसाठी या पट्ट्यातील गावांची जमीन गेली, घरे हलली, वस्त्या उठल्या. जवळच भद्रावतीला विजासनची बौद्ध लेणी आहेत. दगडात कोरलेली म्हणून ती इतकी शतके टिकली. आपल्या आजी-आजोबांचा इतिहास दगडात कोरलेला नाही. तो पत्र्याच्या पेटीत आहे.

घर हलवताना आधी भांडी, गाद्या, टीव्ही हलतात. जुनी पेटी शेवटी उरते आणि भंगारवाल्याकडे जाते. त्या पेटीत दीक्षा सोहळ्याचा फोटो असतो, रिपब्लिकन पक्षाच्या सभेचे पत्रक असते, खोब्रागडे साहेबांनी लिहिलेले कार्ड असू शकते, १९५६ नंतर घरातील देव नदीत सोडल्याची वडिलांनी वहीत केलेली नोंद असू शकते. याला बाजारात पाच रुपये मिळणार नाहीत. पण चंद्रपूर जिल्ह्यातील धम्मक्रांतीचा इतिहास कुणाला खरोखर लिहायचा असेल, तर त्याला याच कागदांची गरज पडेल. ज्यांनी दीक्षा डोळ्यांनी पाहिली ते आज ऐंशी-नव्वदीत आहेत. त्यांच्याबरोबर फोटोतील माणसांची नावेही जातात.

म्हणून वस्तीपातळीवर काम करताना आम्ही तरुणांना काही साध्या गोष्टी सांगत असतो. त्या इथेही देतो.

पहिली गोष्ट, वस्तूसोबत तिची हकिगत लिहा. ही कुणाची, कुणी दिली, कधी दिली, दुसरा कोण साक्षीदार आहे, हे तारखेसह वहीत नोंदवा. चिचोलीच्या टाइपरायटरला मोल आहे, कारण तो कुणाच्या हातून कुणाच्या हाती आला हे सांगता येते. हकिगत नसलेला टाइपरायटर हा भंगारातला टाइपरायटर. खोट्या सह्या आणि खोटी पत्रे विकणारे नेमके इथेच सापडतात, कारण त्यांना ही साखळी सांगता येत नाही.

दुसरी, जुने कागद आणि फोटो लॅमिनेट करू नका. आपल्याकडे ही सवय फार आहे. उष्णतेने आणि चिकट थराने कागद कायमचा खराब होतो, पुन्हा वेगळा करता येत नाही. चिकटपट्टी आणि फेविकॉलही नको. वर्तमानपत्रात गुंडाळू नका, त्या कागदातील आम्ल उतरते. साधा पांढरा, आम्लरहित कागद मिळाला तर उत्तम. डांबर गोळ्या थेट कापडावर ठेवू नका. पावसाळ्यात पेटी भिंतीपासून आणि जमिनीपासून थोडी वर ठेवा. आपल्याकडे वाळवी आणि कोळशाची धूळ दोन्ही आहेत, म्हणून पेटी घट्ट बंद होणारी हवी.

तिसरी, मोबाइलवर दोन्ही बाजूंचे फोटो काढा. फोटोच्या मागे लिहिलेले नाव पुष्कळदा फोटोइतकेच महत्त्वाचे असते. प्रती दोन-तीन ठिकाणी ठेवा. एका मोबाइलमध्ये असलेला इतिहास मोबाइल पाण्यात पडला की बुडतो.

चौथी, म्हाताऱ्या माणसांकडून वस्तू मागून नेऊ नका. मूळ वस्तू त्यांच्याच घरी राहू द्या, तुम्ही प्रत आणि आठवण घ्या. पुढे सगळ्यांच्या संमतीने ती विहारात, ग्रंथालयात किंवा संग्रहालयात द्यायची असेल तर लेखी पोच घ्या. देणाऱ्याचे नाव त्या वस्तूखाली कायम राहील, याची काळजी घ्या. रत्तूंचे आणि गोडबोल्यांचे नाव आपण विसरतो, तसे या आजींचे होऊ नये.

आणि शेवटची गोष्ट, वस्तूची पूजा सुरू झाली की तिचा अभ्यास थांबतो. बाबासाहेबांनी व्यक्तिपूजेविरुद्ध संविधान सभेतच इशारा दिला होता. बुद्धानेही आपल्यामागे धम्मालाच शास्ता मानायला सांगितले. मग या वस्तू कशाला, असा प्रश्न काही मित्र विचारतात. उत्तर रत्तूंच्या आयुष्यात आहे. त्यांनी टाइपरायटर जपला, पण त्याआधी वर्षानुवर्षे त्यासारख्याच कळांवर बोटे दुखेपर्यंत काम केले होते. चिचोलीला पुढच्या वेळी जाल तेव्हा काचेपलीकडच्या त्या कळांकडे नीट पाहा. भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म हा ग्रंथ घरी असेल तर त्याची प्रस्तावना काढा, सकरुली हे नाव शोधा आणि घरातील मुलांना त्या गावच्या माणसाविषयी सांगा.

येत्या वर्षावासात आपल्या विहारात ग्रंथवाचन सुरू होईल. प्रत्येक विहाराने त्याच तीन महिन्यांत वस्तीतील ज्येष्ठांच्या पेट्या एकदा उघडून पाहाव्यात, नोंदी कराव्यात आणि एक जाड वही विहारात ठेवावी, असे आमचे सर्व मंडळांना आवाहन आहे. खाण पुढे सरकतेच आहे. पुढची वस्ती उठण्याआधी ही वही भरलेली असावी.

जय भीम. नमो बुद्धाय.